जावयांचा ट्रे

माझ्या आत्याकडे घड्याळं होती. मनगटावरची, आणि सगळी पुरुषांची. बायकांसाठी म्हणून बाजारात जी चिमणीच्या डोळ्याएवढी घड्याळं मिळतात ती तिला मुळीच पसंत नव्हती. "यात वेळ पाहू का हे घड्याळ हाय का मनी हाय ते पाहू?" असं ती दुकानदाराला तोंडावर विचारायची. ती महापालिकेच्या मुलींच्या शाळेत मुख्याध्यापिका होती. लग्न केलं नव्हतं. आमच्याच घरी, पुढच्या खोलीत राहायची. कपाटातल्या स्टीलच्या डब्यात फ्लॅनेलचा तुकडा अंथरून त्यावर घड्याळं निजवलेली असत. रोज सकाळी सगळ्यांना चावी देऊन त्यातलं एक ती हातावर बांधायची.

या संग्रहाचा एकच नियम होता. भेट मिळालेलं घड्याळ त्यात यायचं नाही. सत्कारात मिळालेली दोन तिने तिथल्या तिथे शाळेच्या शिपायांना देऊन टाकली होती. विकत घेताना ती आधी घड्याळाची पाठ बघायची, कारण आपल्याकडे घड्याळाच्या पाठीवर कोरून घ्यायची भारी हौस. अमक्याकडून तमक्यास सप्रेम. आत्याला पाठ कोरी लागायची.

मी पत्रकांवर वाढले. वडिलांचा छोटा छापखाना होता, आणि पायाने चालवायच्या ट्रेडल यंत्रावर छापताना वाया गेलेले कागद हीच माझी पाटी होती. मला पहिल्यांदा वाचता आलेला शब्द 'बंधूंनो' हा होता. त्यामुळे विसाव्या वर्षी माझी सगळी मतं ठाम होती, आणि त्यातलं एक असं होतं की एका मनगटाला एवढी घड्याळं म्हणजे चैन.

"चैनच हाय," आत्या म्हणाली. "मंग?"

"आपल्या माणसांनी चैन करायची?"

"आपल्या माणसायनं चैन करू नये, हे कोण्या पत्रकात छापलं हाय? दाखव मले." मग चावी देता देता तिने सांगितलं, "ट्रेनिंग कॉलेजात होती मी, तेव्हा साऱ्या वर्गात एकट्या मास्तरजवळ घड्याळ. तास संपला का नाही ते त्यालेच ठाऊक. आम्ही पोरी त्याच्या मनगटाकडे पाहत बसायचो. तेव्हाच ठरवलं, आपण कोणाच्या मनगटाकडे पाहायचं नाही."

तिचं म्हणणं मला पटलं, आणि आजही पटतं. आमच्या वस्तीला पिढ्यान्‌पिढ्या वेळ दुसऱ्यांनी दिली. गिरणीचा भोंगा झाला की उठायचं, भोंगा झाला की निजायचं. ज्यांची घरं आधीच भरलेली आहेत तेच आम्हाला साधेपणाचं महत्त्व शिकवतात. तेव्हापासून मी तिच्या घड्याळांविरुद्ध एक अक्षर बोलले नाही. ती मात्र मला 'पत्रक' म्हणायची ती म्हणायचीच.

आणीबाणी उठून वर्ष झालं होतं. वडिलांचं ट्रेडल पुन्हा धडधडू लागलं होतं. आत्या निवृत्त व्हायची होती आणि तिने जाहीर केलं होतं की आता संग्रहात एकच घड्याळ घ्यायचं, पण ते भारीतलं. परदेशी, सोन्याचं, आयुष्यभर पाहत राहावं असं. त्यासाठी सहा महिने ती दुकानं पालथी घालत होती. गांधीबागेतल्या एकाने तिच्यापुढे नुसती चमक मांडली, ती उठून आली. शेवटी सीताबर्डीवरचा एक दुकानदार म्हणाला, "बाई, बाहेरचा माल आता सरळ मार्गाने येत नाही. पण आमचा जावयांचा ट्रे आला की निरोप देतो. त्यात चांगल्या वस्तू असतात."

जावयांचा ट्रे. आम्हाला दोघींनाही त्याचा अर्थ विचारावासा वाटला नाही. या गावात भारी घड्याळ जावयाखेरीज दुसरं कोणासाठी घेतात? मला तर त्यात पत्रकासाठी आयतं वाक्य सापडलं. हुंड्याविरुद्धचं माझं पत्रक तेव्हा वडिलांकडे खिळ्यांच्या जुळणीला होतं. मथळा होता, 'वधुपित्यांनो, सावध व्हा!' त्यात मी भर घातली की सोनं कोणाच्या मनगटावर जातं हे दुकानदारांनाही पाठ आहे, म्हणूनच ट्रेला त्यांनी जावयाचं नाव दिलं आहे.

त्याच सुमारास माझ्या थोरल्या भावाचं लग्न ठरलं. तो सरकारी कचेरीत कारकून होता. मुलगी शहराबाहेरच्या वाडीची. तिचे वडील तिथल्या एका ट्रान्सपोर्टच्या गोदामात माल चढवण्या-उतरवण्यावर देखरेख करायचे. उंच, काळेसावळे, आणि आवाज असा की गोदामाच्या या टोकाहून बोलले तर त्या टोकाच्या ट्रकवाल्याने ब्रेक दाबावा. घेणं नाही, देणं नाही, हे आमच्या वडिलांनी आधीच सांगितलं होतं. साखरपुडा विहाराच्या अंगणात झाला, वंदना झाली, चहा-चिवडा सुरू झाला, आणि एकदम हे उभे राहिले.

"माही एकच पोरगी हाय. म्या आज सर्व्यांसमोर शब्द देतो. लग्नात जवाईबापूच्या हातात भारीतलं घड्याळ घालीन!"

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी उठत होते, तर आईने माझा पदर मुठीत धरून खाली बसवलं. भाऊ चिवड्यातले शेंगदाणे बाजूला काढत बसला होता. 'नको' म्हणाला नाही.

घरी आल्यावर मी त्याला धरलं.

"मी मागितलं का?" तो म्हणाला.

"नको म्हणालास का?"

"साऱ्या लोकांसमोर त्यांचा अपमान करू?"

"म्हणजे घेणार तू."

"तू भाषण नको देऊ गं," एवढं बोलून तो सायकल घेऊन निघून गेला.

आणि मग एका शनिवारी संध्याकाळी मुलीचे वडील आमच्या दारात. वाडीहून सायकल मारत आले होते, शर्ट पाठीला चिकटला होता. खुर्ची दिली तर टोकावर बसले. वडिलांशी दोन शब्द बोलून ते आत्याकडे वळले.

"अजी बाई, तुमच्याकडेच काम होतं. घड्याळातलं तुमच्याइतकं कोणाले समजते? मले तं वाजले किती एवढंच समजते, तेही कोणी सांगितलं तं. जवाईबापूसाठी तुम्हीच पसंत करून द्या. नाहीतं दुकानवाला मले भोंगळं काहीतरी बांधून देईल."

आत्या काही बोलायच्या आत मी म्हणाले, "काका, तुम्ही देऊच नका."

"काहून वं पोरी?"

"आम्ही मागितलं नाही."

"मागितलं नाही म्हणूनच तं देतो!" ते हसले. "मागितलं असतं तं भांडलो असतो."

आत्याने पाण्याचा गडू त्यांच्यापुढे सरकवला. "उद्या मी माझ्यासाठी पाहाले जाऊनच राहिली हाय. निरोप आला हाय दुकानातून. चला तुम्हीही. पत्रक, तूही चल."

"मी नाही येणार असल्या कामाला."

"ये. तुले लिहाले काहीतरी भेटेल."

दुकानात दुकानदाराने आम्हाला स्टुलावर बसवलं आणि आतून ट्रे आणला. लाल मखमल, तिच्यावर तीन घड्याळं. "बघा बाई, जावयांचा ट्रे. तुमच्यासाठीच थांबवला होता."

मुलीचे वडील खूश झाले. "हे भल्लं झालं. आपल्यालेबी जावयाचंच पाह्यजे." पण त्यांनी हात मागे बांधून ठेवले होते. गोदामात ज्या खोक्यावर 'काच' लिहिलेलं असतं त्याच्याजवळ जसे उभे राहत असतील तसे ते त्या ट्रेपाशी उभे होते.

आत्याची निवड मी तोवर अनेकदा पाहिली होती, पण त्या दिवशी ती घाईत नव्हती. पहिलं घड्याळ सोन्याचं, रुपयासारखं पातळ, तबकडीवर आकडे नाहीत, नुसत्या रेघा. तिने ते हातावर धरलं, दूर नेलं, जवळ आणलं. "हे आपण सोनं हाय एवढंच सांगते. वाजले किती ते सांगत नाही." दुसऱ्याला तारखेची खिडकी होती. "तारीख मले ठाऊक असते. नाहीतं एवढी वर्षं हजेरी कशी घेतली?" दुकानदार म्हणाला, हे हात हलवला की आपोआप चालतं, चावी लागत नाही. आत्या म्हणाली, "मंग सकाळी मी काय करू?"

तिसरं तिने उचललं. सोन्याची जाडसर कड, सायीच्या रंगाची तबकडी, काळे ठसठशीत आकडे, आणि खाली सहाच्या जागी सेकंदाचं वेगळं छोटं वर्तुळ. त्यात बारीक काटा आपला एकटाच फिरत होता. आत्याने चावी दिली, कानाशी धरलं, डोळे मिटले. दुकानदार बोलायला लागला तर मी त्याला हाताने थांबवलं. रस्त्यावरचे रिक्षाचे भोंगे ऐकू येत होते आणि आत्या ते घड्याळ ऐकत होती.

"हे," ती म्हणाली.

मग सवयीने तिने ते उलटं केलं. पाठ कोरी नव्हती. मुलीच्या वडिलांनी तिच्या खांद्यावरून वाकून, गोदामातल्या लेबलांसारखं मोठ्याने, तोडून तोडून वाचलं. "चि. जावई... बापूंस... सप्रेम... भेट." त्याखाली नावाची ओळ होती, पण ती कोणीतरी खरडून टाकली होती.

"वा!" ते दुकानदाराला म्हणाले. "आधीच लिहून तयार ठेवता का जी? म्हणजे नाव घातलं का झालं!"

दुकानदार हसला. "नाही हो भाऊ. हे ज्यांनी विकलं त्यांचं आहे ते."

"कोणी विकलं?"

"जावयाने. म्हणून तर जावयांचा ट्रे. लग्नातली घड्याळं आणून विकतात ना इथे."

आत्याने बाकीची दोन उलटी केली. एकाच्या पाठीवर ताजी घासल्याची चमक होती. दुसऱ्यावर खरडलेल्या रेघा, आणि त्यांच्याखालून 'सप्रेम' मधला 'स' अजून डोकावत होता. त्या ट्रेचं नाव आम्ही सगळ्यांनी ऐकलं होतं आणि सगळ्यांनी उलटं समजून घेतलं होतं. जावयांसाठी नव्हे, जावयांकडून. माझ्या पत्रकातलं ते आयतं वाक्य तिथल्या तिथे खोटं झालं, आणि त्याहून दसपट चांगलं खरं माझ्या हाती आलं.

"साऱ्यायलेच पैशाची नड असते का?" मुलीच्या वडिलांनी विचारलं. आवाज खाली गेला होता.

"कोणाला नड असते, कोणाला स्कूटर घ्यायची असते." दुकानदार वाईट माणूस नव्हता, जे बघितलं ते सांगत होता. "सासरे असेपर्यंत सहसा नाही विकत. सासरे गेले की येतं."

मग तो आत्याकडे वळला. "बाई, तुम्हाला पाठ कोरी लागते, मला माहीत आहे. घासून देतो. तासाभरात आरशासारखी करून देतो."

आत्याने अंगठा त्या अक्षरांवरून फिरवला. "घासू नका. कोण्या तरी बापानं उभं राहून हे कोरून घेतलं असेल. ते पुसाचा हक्क मले नाही. असंच द्या."

"आत्या, तुझा कोऱ्या पाठीचा नियम?" मी म्हणाले.

"नियम माझाच हाय. मोडला तं माझाच मोडला."

तिने ते बांधलं. तिच्या रुंद मनगटावर ते असं बसलं की जणू त्यासाठीच बनवलं होतं. दुकानदाराने मग मुलीच्या वडिलांकडे पाहिलं. "आणि तुमच्या जावयासाठी कोणतं काढू?"

"थांबा जी," ते म्हणाले आणि बाहेर जाऊन पायरीवर बसले.

आम्हीही गेलो. मी संधी सोडणारी नव्हते. म्हणाले, "बघितलंत ना काका? आता तरी देऊ नका."

"तू समजतेस तसं नाही पोरी." ते रस्त्याकडे पाहत बोलत होते. "त्यानं विकलं तं विकलं, वस्तू त्याची. माहं मन एवढं लहान नाही. पण म्या शब्द देल्ला हाय, शंभर माणसांसमोर. आमच्या गोदामात कागद मागून येते, आधी शब्द चालतो. म्या म्हटलं माल पोचला तं पोचला. आता म्या घड्याळ देल्लं नाही तं लोक काय म्हणतील? बापानं थाप फेकली. आणि ते मले नाही, माह्या पोरीले ऐकवतील, जन्मभर."

तेव्हा मला कळलं की ते काय घेऊन सायकल मारत आले होते. घड्याळाची हौस त्यात थोडीच होती. मुलीच्या मागे कोणी हसू नये, एवढं त्यांना पाहिजे होतं. आणि माझं पत्रक नेमकं त्यांनाच दरडावत होतं. 'वधुपित्यांनो!' देणाऱ्याला ओरडणं सोपं असतं, तो आधीच वाकलेला असतो.

आत्या म्हणाली, "शब्द ज्याले देल्ला त्यालेच विचारा ना, पाह्यजे का म्हणून."

आम्ही तिघं परतलो तेव्हा भाऊ घरीच होता. बनियनवर ओट्याशी बसून शर्टाला इस्त्री करत होता. सासऱ्यांना बघून गडबडीने शर्ट चढवायला लागला तर ते म्हणाले, "राहू द्या बापू. एकच विचाराचं हाय. तुम्हाले घड्याळ पाह्यजे का? पाह्यजे तं मी आत्ता आणतो, दुकान उघडं हाय. पण खरं सांगा."

भावाने इस्त्री उभी केली. मी तोंड उघडलं तोच आत्या म्हणाली, "गप पत्रक. त्याले बोलू दे. त्याचं लग्न हाय."

"पाहिजे होतं," भाऊ म्हणाला.

माझ्या अंगाची आग झाली. पण तो पुढे बोलत होता. "कचेरीत सगळ्यांकडे आहे. साहेबाने वेळ विचारली की मी भिंतीकडे बघतो. मला वाटलं, न मागता आलं तर ते मागणं होत नाही." त्याने हातातला शर्ट खाली ठेवला. "पण मग दर खेपेला मी वाडीला आलो की तुम्ही आधी माझ्या मनगटाकडे पाहाल. आहे का, की नाही. तसं मला नको. मी सरकारी कारखान्याच्या घड्याळासाठी नाव नोंदवतो. दोन वर्षांनी येईल तेव्हा येईल."

"आणि माहा शब्द?"

"तुम्ही सगळ्यांसमोर दिलात. सगळ्यांसमोरच परत घ्या. मी शेजारी उभा राहतो."

मुलीच्या वडिलांनी मान हलवली, पण ती होकाराची होती की नव्हती ते कळलं नाही. चहा न घेताच ते गेले. भावाने इस्त्री पुन्हा उचलली. मी त्याला शाबासकी दिली नाही. नवरदेव सरळ वागला म्हणून त्याची आरती ओवाळायची, हे मला तेव्हाही मान्य नव्हतं. मी छापखान्यात गेले आणि वडिलांना मथळा मोडायला सांगितला.

"आता काय लावू?"

"'नवरदेवांनो!' लावा."

"नवरदेव पत्रकं वाचतात का?"

"आजवर त्यांच्या नावाने कोणी लिहिलंच नाही."

वडिलांनी खिळे काढले आणि नवीन ओळ जुळवली. आतला मजकूर मी पुन्हा लिहिला, त्या ट्रेसकट. लग्नात ते वाटायचा माझा बेत होता. आत्याने साफ नाही म्हटलं. "लग्नात वरण वाढ. पत्रकं दुसऱ्या दिवशी."

लग्न वाडीला झालं, गोदामामागच्या मोकळ्या जागेत. त्रिशरण-पंचशील झालं, हार झाले, फुलं पडली. लोक पंगतीसाठी उठायला लागले आणि मुलीचे वडील पुढे आले. नवीन सदऱ्याची घडी अजून मोडली नव्हती. ते पुढे येतील की नाही याची मला खात्री नव्हती. भावाच्या तोंडाकडे बघून कळत होतं की त्यालाही नव्हती.

"ऐका गा सर्व्यायनं!" ते म्हणाले. सगळे थांबले. "म्या साखरपुड्यात शब्द देल्ला होता का जवाईबापूले घड्याळ घालीन. तो शब्द मी आज तुमच्यासमोर वापस घेतो. घड्याळ देत नाही."

मांडवात कुजबुज झाली. मागच्या रांगेतून त्यांच्याच नात्यातल्या एका म्हाताऱ्याचा आवाज आला, "काहून गा, पैसे सरले का?"

हेच ते. याच वाक्याला ते महिनाभर भीत होते. त्यांनी वळून भावाकडे पाहिलं. नवरी मान वर करून बापाकडे पाहत होती.

"मीच नको म्हणालो," भाऊ म्हणाला. कोणाला ऐकू गेलं नाही. तो हार सावरत सासऱ्यांच्या शेजारी जाऊन उभा राहिला आणि ओरडलाच, "घड्याळ मी नको म्हणालो! ते आणायला निघाले होते, मी अडवलं!"

म्हाताऱ्याने जरा विचार केला. मग म्हणाला, "मंग बुंदी तरी हाय ना बापू? का तेही नको म्हटलं तुम्ही?"

मांडव हसला. आधी मागचे, मग बायका, मग आमच्याकडचे. मुलीचे वडील सर्वांत शेवटी हसले, पण असे हसले की डोळ्यांत पाणी आलं. "हाय ना गा! बस पंगतीले! तुले तं मी सोताच वाढतो!" त्यांनी नव्या सदऱ्याच्या बाह्या कोपरापर्यंत चढवल्या, वाढप्याच्या हातून बुंदीची बादली घेतली आणि सरळ त्या म्हाताऱ्याच्या पत्रावळीपाशी जाऊन उभे राहिले. तो दोन्ही हात आडवे करून पुरे, पुरे म्हणेपर्यंत ते हलले नाहीत.